सुभेदार अण्णांची गस्त

रोज सकाळी सुभेदार अण्णा आमच्या कमरीपेठेतल्या गल्लीत प्रत्येक दार वाजवून विचारत, "घरात किती जण? नवीन कोण आलं? का आलं?" आणि लगेच, "तब्येत बरी ना?"

हे प्रेम की पहारा, ते गल्लीला कळत नसे. मला वाटतं, अण्णांनाही कळत नसावं.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी पूर्वेकडच्या डोंगरांत, बंडाळीच्या मुलखात काढली होती. तिथे शांतता कशी राखायची, याचं पलटणीत एक पुस्तक होतं. अण्णांना ते तोंडपाठ. गावकऱ्यांशी मैत्री करा, असं एका पानावर. कुणावरही विश्वास ठेवू नका, असं पुढच्या पानावर.

"मग नेमकं करायचं काय, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"दोन्ही. पुस्तक बरोबरच आहे, मास्तर. गावं तशी निघत नाहीत."

ती आणीबाणीची वर्षं. नसबंदीवाले माणसं धरून नेतात, अशी धास्ती घरोघर होती. त्यात शेजारच्या पार्वतक्कांचा जावई गदगहून आला. अण्णांनी दारातून खणखणीत आवाजात विचारलं, "पाहुण्यांना मुलं किती?" चार मुलांच्या त्या बापानं मागच्या भिंतीवरून उडी टाकली आणि पाय मुरगाळून घेतला.

"होग्री अत्लाग!" पार्वतक्का कानडीत कडाडल्या. "चालते व्हा! पुन्हा आमच्या दारात आलात तर बघा!"

दुसऱ्या दिवशी गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. अण्णा माझ्या कट्ट्यावर येऊन बसले.

"डोंगरात सगळे दार उघडायचे. एक म्हातारी तर चहा द्यायची. लोक आपले झाले, असा रिपोर्ट मी वर पाठवला. साहेब खूश." त्यांनी खांद्यावरून हात फिरवला. "पण तेव्हा खांद्याला रायफल होती, मास्तर. मग ती दारं कशानं उघडत होती?"

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. त्यात हे नाही.

अण्णा घरी जाऊन चोळायच्या तेलाची बाटली घेऊन आले आणि पार्वतक्कांचं दार हलकेच वाजवलं. आतून गोळी आली तर लागू नये म्हणून दाराच्या बाजूला उभं राहावं, असं पुस्तक सांगतं. अण्णा बरोबर समोर उभे राहिले.

"यारु?" आतून पार्वतक्कांनी दरडावलं. "कोण आहे?"

इतकी वर्षं प्रश्न अण्णाच विचारत आले होते. ते गोंधळले.

"मी, अक्का," ते म्हणाले. "एकटाच आहे."