टाके किती पडले?

नेकनूरजवळच्या त्या गावात आजारी माणसाला विश्रांती टाक्यांच्या प्रमाणात मिळत असे. हा नियम कुठल्याही राजपत्रात छापलेला नव्हता, म्हणूनच त्याची अंमलबजावणी चोख होती. सिदूच्या अपेंडिक्सला चौदा टाके पडले, तर तो तीन महिने खाटेवर लोळला आणि भावजयीच्या हातचा चहा पीत राहिला.

ती भावजय म्हणजे भिवराबाई. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, सहा वर्षांपासून बाहेर येत होतं. डोक्यावर हंडा, एक हात हंड्याला आणि दुसरा ओटीपोटाला, अशी ती चालायची. चालणंच थांबलं, तेव्हा नवरा पंडित, जो गावचा उपसरपंचही होता, तिला बीडला घेऊन गेला. दोन हजार पाच साल होतं. शाम्पू पुडीत आला होता, फोन खिशात आला होता, मग ऑपरेशन तरी मोठं का राहावं? डॉक्टरांनी दुर्बिणीतून आत जाळी बसवली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि कागदावर लिहून दिलं: तीन महिने वजन उचलू नये.

घरी त्या कागदाची रीतसर छाननी झाली. सासू बायनाबाईंनी पदर सारून प्रत्यक्ष स्थळपाहणी केली.

"टाके किती पडले?"

"चार."

"ह्येला टाके म्हंत्यात? मच्छर चावल्यावानी दिसतंय!"

"आत जाळी बसवलीय, आत्या."

"आतलं कुणाला दिसतंय?" पंडित म्हणाला. उपसरपंच असल्यानं तो पुराव्याशिवाय काही मंजूर करत नसे.

चार टाक्यांना चार दिवस मंजूर झाले. सिदूच्या वेळचा दर वेगळा होता, पण तो पुरुषांचा दर होता. पाचव्या दिवशी भिवराबाईच्या डोक्यावर हंडा आला आणि महिन्याभरात अंग पुन्हा बाहेर आलं.

डॉक्टर हळहळले. परत दुर्बिणीतूनच करू, म्हणाले. भिवराबाईनं हात जोडले.

"सायेब, या टायमाला चांगलं लांब चिरा. बेंबीपासून पार खालपर्यंत. ईस तरी टाके घाला."

"अहो बाई, लई दुखेल त्यानं!"

"दुखू द्या की. पडून तर दुखंल."

नव्या शास्त्रात अशी तरतूद नसल्यानं तिचा अर्ज फेटाळला गेला. पुन्हा चारच टाके पडले. डॉक्टरांनी हा किस्सा मित्रमंडळींना ऐकवला आणि सगळे पोट धरून हसले. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी एखाद्या बाईचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि प्रत्येकानं डॉक्टरला पहिला प्रश्न एकच विचारला होता: "घरी कधी सोडता?"

तुम्ही काय विचारलं होतं?