दाजींची बैलजोडी

जगातल्या सगळ्या संग्रहालयांत 'हात लावू नये' अशी पाटी असते. आमच्या दाजींनी 'हात लावल्याशिवाय जाऊ नये' अशी लावली. दाजी गेले, पाटी अजून आहे.

मालवणजवळच्या आमच्या गावात त्यांनी स्वतःच्या गोठ्यात नांगर, मुसळं, पावसात पांघरायची इरली, तांदूळ धुवायच्या रोवळ्या जमवल्या होत्या. चौथीत शाळा सोडून शेतीला लागलेला हा माणूस पाहुण्याला नुसतं बघू देत नसे. "बघान काय कळतला? धर," म्हणून हातात मुसळ देई. ओरोसच्या जिल्हा कचेरीतून आलेल्या एका साहेबांना त्यांनी इरलं पांघरायला लावलं आणि ते गळत नाही हे पटवायला वरून कळशी ओतली. साहेब कोरडे राहिले. बूट मात्र राहिले नाहीत.

गावचा विष्णू मुंबईला नोकरीला. त्याच्या वडिलांचा नांगर एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी मागितला, तेव्हा दाजी मध्ये पडले. "भिंतीर टांगलो काय तो नांगर उरणा नाय, लाकूड होता. माका दी. दर पावसात मातयेक लावतलंय."

विष्णूने दिला. दाजी दर आषाढात तो आपल्या वाफ्यात फिरवत आणि संध्याकाळी विष्णूला फोन करत. मग गावात पॉवर टिलर आले. एका वर्षी शेवटची बैलजोडीही विकली गेली. शेजारच्या गावचे बैल कामात. दिलेला शब्द मोडणार म्हणून दाजींचं जेवण सुटलं.

एका सकाळी ते माझ्या दारात उभे. "मास्तर, तुमचे खांदे बरे आसत मां?"

डावीकडे मी, उजवीकडे पोस्टमन सख्या, मानेवर जू, मागे दाजी. गुडघाभर चिखल. बांधावरून शेवंताकाकी म्हणाली, "दाजीनू, डावो बैल बसता हां. शेपूट पिरगळा."

तेवढ्या धास्तीवर मी वाफा संपवला.

संध्याकाळी दुकानातल्या फोनपाशी दाजी ताठ उभे होते. आम्ही बाकावर खांदे चोळत बसलो होतो.

"विष्णू, चललो रे नांगर."

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "बैल कोणाचे, दाजीनू?"

दाजींनी आमच्याकडे नजर टाकली. "गावचेच. गरीब जात. एकदासुद्धा मारूक लागला नाय."

"अजून आसत मां गावात बैल?"

"आसत तर. सकाळी घुंगूर वाजतत, झोप मोडता."

फोन ठेवून ते आमच्या शेजारी येऊन बसले.

"त्येका गाव अजून तसोच वाटता," म्हणाले. "वाटांदे."