रिकाम्या धक्क्याचे नऊशे डॉलर

शनिवार, १० मार्च २००७. रक्कम नऊशे डॉलर. हजर तिघं: आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउस सोसायटीचा अध्यक्ष रॉन, खजिनदार म्हणून मी, आणि ज्यांच्याकडून हे पैसे यायचे होते त्या सुमनमावशी.

मावशींकडे गाडी एक, पार्किंगच्या जागा दोन. दुसरी जागा कायम रिकामी. जास्तीची जागा वापरल्याचे महिना पंचवीस डॉलर, तीन वर्षांचे नऊशे. हिशोब माझाच होता.

"वापरली कुठे? रिकामीच आहे ना!" मावशी म्हणाल्या.

"तोच तर प्रॉब्लेम आहे," रॉन म्हणाला. "लोक रांगेत आहेत. महिनाअखेरपर्यंत पैसे भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ."

"एक सेंट देणार नाही. आणि जागाही सोडणार नाही. रॉन, जहाज दिसत नाही म्हणून कुणी बंदर मोडत नाही."

रॉननं माझ्याकडे पाहिलं. मला ते बंदर पाठ होतं.

मावशी मूळच्या नागपूरच्या, इथल्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या. दर उन्हाळ्यात त्या तुर्कस्तानात जातात, भूमध्य समुद्राकाठच्या एका प्राचीन बंदराच्या उत्खननावर. पगार नाही. उलट तिकीट, राहणं, खाणं सगळं स्वतःच्या खिशातून.

"मावशी, पैसे देऊन उन्हात माती उकरायची?" मी एकदा विचारलं.

"तू पैसे देऊन जिममध्ये जागची न हलणारी सायकल चालवतोस. मी विचारते का?"

तिकडच्या सवयी त्या इकडे घेऊन येतात. कोथिंबिरीची माती ब्रशनं झाडतात. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणात बशी फुटली की बाकीचे झाडू शोधतात, मावशी तुकडे जुळवत बसतात. नव्या शेजाऱ्याला कुणी नावं ठेवली की म्हणतात, "थांब. अजून वरचाच थर दिसलाय." एकदा आमचा फ्रीजही त्यांनी थराथरानं उपसला. तळाशी सापडलेली चटणी आम्ही हे घर घेण्याआधीची आहे, असा त्यांचा निष्कर्ष. बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पण खरा जीव त्या बंदरावर. नदीच्या गाळानं ते बुजत गेलं, समुद्र मागे हटला. "तरी माणसं गाळ काढत राहिली रे, पिढ्यान्‌पिढ्या! शहाणे केव्हाच दुसऱ्या गावी गेले असतील. हे येडे आपले फावडी घेऊन उभे. जहाज येवो न येवो." हे सांगताना मावशी अशा ताठ बसत, जणू फावडं त्यांच्याच हातात आहे.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी मी हप्ते सुचवायला गेलो. मावशी त्या रिकाम्या जागेवरचा निलगिरीचा पालापाचोळा झाडत होत्या.

"कोण येणारेय, मावशी?"

"कुणी नाही."

खराटा थांबला नाही. मग त्या आपणहून बोलल्या. "तीन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला अमित आला होता."

अमित म्हणजे त्यांचा मुलगा, रेडमंडला असतो. मायलेकांत तेव्हा वर्षभर अबोला होता, एवढं आम्हा शेजाऱ्यांना माहीत होतं. पण तो येऊन गेला होता, हे माहीत नव्हतं.

"व्हिजिटर पार्किंग फुल. दोन चकरा मारल्या त्यानं, मी खिडकीतून बघत होते. मग फोन केला, 'आई, नो स्पॉट. नेक्स्ट टाइम.' मी धावत खाली येईपर्यंत गाडी गेटबाहेर." त्यांनी पाचोळा एका कोपऱ्यात लोटला. "पार्किंग हे निमित्त होतं, कळतं मला. पण पुढच्या वेळी ते निमित्त तरी राहू नये."

हिशोबातलं माणूस हिशोबाकडेच वळतं. "दरमहा पंचाहत्तर दिले तर वर्षात—"

"हप्ते नकोत. यंदा खणायला जात नाही. ते बंदर दोन हजार वर्षं थांबलंय, अजून एक वर्ष थांबेल. आणि रॉनला सांग, मी हरले नाही."

महिनाअखेरीला चेक आला. चेकवर पैसे कशासाठी हे लिहायची ओळ असते, तिथे मावशींनी ठसठशीत इंग्रजीत लिहिलं होतं: गाळ काढण्याबद्दल.

"गाळ? आपल्याकडे कुठला गाळ?" रॉननं विचारलं.

"मेंटेनन्स," मी म्हणालो. आणि सुमनमावशींचे नऊशे डॉलर, एकरकमी, सोसायटीच्या खात्यात जमा केले.