सुकलाल आबांचा पुरावा

सुकलाल आबांना माईक लागत नसे.

आमच्या सुरतेच्या पालिकेत तेव्हा माईकची वायर पुढच्या बाकांपर्यंतच पुरायची. पुढे सत्ताधारी बसत. विरोधी पक्षाचे मोजून पाच जण अगदी शेवटच्या बाकावर. त्यातल्या चौघांना बोलायचं झालं की उठून, धोतर-पायजमा सावरत, माईकपर्यंत चालत यावं लागे. तोपर्यंत मुद्दा निम्मा विसरलेला असे. आबा जागेवरच उभे राहत आणि नुसतं "अध्यक्षसाहेब!" म्हणत. खालच्या मजल्यावर पाणीपट्टीच्या रांगेतली माणसं दचकून वर बघत.

एकदा अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "काका, जरा धीमे बोलो ने!"

आबा म्हणाले, "धीमेच बोलतोय साहेब. मोठ्यानं बोललो तर नुकसान तुमचंच आहे. इमारत पालिकेची."

हा आवाज त्यांनी लूमच्या कारखान्यात कमावला होता. तरुणपणी ताप्ती लाईनच्या गाडीनं धुळ्याकडून आले आणि पंचवीस वर्षं पॉवरलूमवर उभे राहिले. तिथं शेजारच्याकडे विडी मागायची तरी शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसं ओरडावं लागतं. लूमनं आवाज दिला आणि बदल्यात उजवा कान घेतला. पण आबांनी त्या कानाचाही उपयोग करून घेतला. सभागृहात ते मुद्दाम अशा जागी बसत की अधिकाऱ्यांची बाजू उजवीकडे यावी.

"त्या कानानं 'नाही' ऐकू येत नाही," ते मला एकदा म्हणाले.

"आणि 'हो'?"

"ते येतं. डॉक्टरलाही कोडंच आहे."

मी नवागामच्या मराठी शाळेत मास्तर होतो. आमची ओळख झाली ती आबा नगरसेवक झाल्यावर पहिल्याच आठवड्यात. माझा तिसरीचा वर्ग चालू होता. खिडकीत एक पांढरी टोपी दिसली आणि प्रश्न आला, "पोरांनो, शाळेत पाणी येतं का?" पोरं "नाही" म्हणायच्या आत समोरच्या चाळीतून बायका ओरडल्या, "नही येत, आबा! आम्हनाकडेबी नही!" मागच्या गल्लीतून एक म्हातारा म्हणाला, "चार रोज झाले!" एका प्रश्नात त्यांनी सगळ्या वॉर्डाची पाहणी उरकली.

घरी ते अहिराणी बोलत, सभागृहात गुजराती, पोलिसांशी हिंदी आणि माझ्याशी मास्तर म्हणून जपून, शाळेतली मराठी. राग आला की चारही भाषा एकाच वाक्यात येत आणि क्रियापद कुणाचं घ्यायचं यावरून त्यांच्यात भांडण लागे.

कुणीही तक्रार घेऊन आलं की आबांचं एकच ठरलेलं वाक्य. "धागा कुठं तुटलाय ते आधी बघू." लूम बंद पडली की नवा कारीगर लूमला शिव्या देतो, जुना कारीगर ताण्यावरून हात फिरवत तुटलेला धागा शोधतो, असं ते सांगत. त्यामुळे ते कुणालाच शिव्या देत नसत. फक्त हात फिरवत. आणि आबांचा हात एकदा फिरायला लागला की अधिकाऱ्यांना शिव्या परवडल्या असत्या असं वाटे.

डिंडोलीकडच्या एका गटारीचं प्रकरण सांगतो. ती तुंबते हे कागदावर मान्य होईना. आबांनी वेताची काठी घेतली, गटारीत उभी केली, जिथवर ओली झाली तिथं चाकूनं खूण केली आणि ती काठी घेऊन बसनं सभेला गेले. बसमध्ये त्यांना अख्खं बाक रिकामं मिळालं. दारावरच्या शिपायानं अडवलं.

"काका, लाकडी अंदर नहीं जायेगी."

"ही लाकडी नाही. हा माझा कागद आहे."

"कागद?"

"वास घेऊन बघ. सही ओळखशील."

शिपायानं वास घेतला आणि बाजूला झाला. गटार त्याच महिन्यात साफ झाली. काठी परत न्या म्हणून पालिकेतूनच निरोप आला.

हसण्यावारी नेण्यासारखा माणूस होता. आम्हीही नेत होतो. विठाबाईचं प्रकरण आलं तेव्हा मला कळलं की या माणसाला हसता हसता आपणही कामाला जुंपले जातो.

विठाबाईचा मुलगा माझ्या वर्गात होता. नवरा लूमवर होता. छातीनं आजारी पडला तेव्हा गावाकडची माणसं त्याला गावी घेऊन गेली आणि तो तिकडेच वारला. विठाबाई पोरांना घेऊन परत नवागामला आली. घरी साड्यांचे धागे कापायचं काम घ्यायची. विधवांना सरकारी पेन्शन मिळतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून कचेरीत गेली. तिथं विचारलं, मृत्यूचा दाखला कुठला? महाराष्ट्रातला. रेशनकार्ड? तेही तिकडचं. मग पेन्शनही तिकडेच मागा. ती गावी गेली. तिकडचे म्हणाले, तू तर सुरतेत राहतेस. परत इकडे आली, तर साहेब म्हणाले, "अहीं रहो छो एनो पुरावो लावो." इथं राहतेस त्याचा पुरावा आण.

ती आबांच्या ओट्यावर बसून सांगत होती, मी शेजारी होतो.

"मी म्हटलं, साहेब, मी तुमच्यासमोर उभी आहे. याहून मोठा पुरावा कुठून आणू? तर माझ्यामागच्या रांगेकडे बघून म्हणे, पुढचा."

आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अशा किती जणी आहेत?"

तेवढं विचारायचा अवकाश, दोन दिवसांत ओटा भरला. नवागामच्या, डिंडोलीच्या, रेल्वेत हमाली करणाऱ्यांच्या, बौद्धवाड्यातल्या. प्रत्येकीची कथा थोडी वेगळी आणि शेवट तोच. घरमालक भाडेपावती देत नाही. लूमच्या मालकाच्या वहीत नवऱ्याचं नाव नाही. वीज घरमालकाच्या नावावर. इतकी वर्षं या शहराचं कापड विणलं, पण या शहरात आपण होतो याची एक चिठ्ठी कुणाजवळ नाही.

आबा चार दिवस गप्प होते. वॉर्डात चिंता पसरली. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले आणि माझ्या खुर्चीत बसले.

"मास्तर, विठाबाईचं पोरगं तुमच्याकडे कधीपासून?"

"पहिलीपासून. आता चौथीत."

"आणि तिची थोरली पोरगी?"

"तीही इथंच होती. सातवी करून गेली."

"हे कुठं लिहिलेलं असतं?"

मी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. लाल कापडी बांधणीचं, उशीएवढं जाड. मुलाचं नाव, बापाचं नाव, धंदा, राहण्याचा पत्ता, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख. आबा बोट फिरवत वाचत गेले. धंदा : लूम कारीगर. राहणार : नवागाम. राहणार : नवागाम. राहणार : डिंडोली.

"ही शाळा कुणाची?"

"पालिकेची."

"म्हणजे हे रजिस्टर पालिकेनंच लिहिलंय?"

"मीच लिहिलंय. पण हो, पालिकेचंच."

आबा उठले. "सापडला धागा!" असं ते म्हणाले आणि शाळेतली सगळी पोरं मधली सुट्टी संपली समजून वर्गात पळाली.

आमचे मुख्याध्यापक बडगुजर सर भित्रे. त्यांना विरोधी पक्षाच्या माणसाला पाणी देतानाही आजूबाजूला बघायची सवय. "नियमात बसेल का, आबा?" ते म्हणाले. आबा म्हणाले, "रजिस्टरातल्या नोंदीचा उतारा मागणं पालकांचा हक्क आहे. विठाबाई पालक आहे. मी नुसता तिच्याबरोबर आलेला माणूस." मग शाळा सुटल्यावर आम्ही तीन शिक्षक उतारे लिहायला बसलो. बायका रांगेत. आबा दारात उभे राहून एकेकीला आत सोडत होते आणि प्रत्येकीचा उतारा झाला की बडगुजर सरांच्या पुढ्यात स्वतः शिक्का सरकवत होते. तिसऱ्या दिवशी सर एवढे रंगले की शिक्का सरळ उमटला नाही म्हणून त्यांनी एक उतारा पुन्हा लिहायला लावला.

सभेच्या दिवशी आबांनी मला बरोबर घेतलं. रजिस्टर शाळेबाहेर न्यायला परवानगी लागते. ती बडगुजर सरांनी लेखी दिली, आणि "मी स्वतः सोबत येतो" असंही म्हणाले. शिक्के मारता मारता भीती कुठं सांडली कोण जाणे. बायका वरच्या प्रेक्षक-गॅलरीत दाटीवाटीनं बसल्या.

आबांची मागणी एका ओळीची होती. पालिकेच्या शाळेतला उतारा हा रहिवासाचा पुरावा धरावा आणि त्यावर पालिकेनं रहिवासी दाखला द्यावा. अधिकारी उजव्या बाजूनं उभे राहिले आणि अशी प्रथा नसल्याचं सविस्तर सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलंच नाही. मग ते शेवटच्या बाकावरून निघाले. पहिल्यांदाच. रजिस्टर छातीशी धरून, पुढच्या बाकांमधून चालत अध्यक्षांच्या टेबलापर्यंत आले आणि ते समोर उघडून ठेवलं.

"साहेब, हे अक्षर कुणाचं?"

"शिक्षकाचं."

"शिक्षक कुणाचा?"

"पालिकेचा."

"पालिकेच्या माणसानं, पालिकेच्या शाईनं लिहिलंय की ही मुलगी नवागामला राहते. सात वर्षं. तिला तुम्ही पाटी दिली, लस टोचली, पंधरा ऑगस्टला पेढा दिला. पोरगी सात वर्षं इथं होती, तर तिची आई काय आभाळात होती?"

सभागृहात हशा पिकला. आबा थांबले नाहीत. पान उलटत एकेक नाव वाचू लागले. नाव, बापाचा धंदा, राहणार. नाव, बापाचा धंदा, राहणार. आवाज चढवला नव्हता, तरी वर बसलेल्या बायकांना शब्दन् शब्द ऐकू जात होता. आपल्या मुलाचं नाव आलं की एकेकजण उभी राहायची. कुणी सांगितलं नव्हतं. विठाबाईच्या पोराचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली आणि पदर सारखा करून म्हणाली, "मी आठे शे." मी इथं आहे.

हसणं थांबलं. पुढच्या बाकावरचे एक सत्ताधारी सभासद, जुने सुरती, कापडाचे व्यापारी, उठले आणि म्हणाले, "अध्यक्षसाहेब, काकानी वात साची छे." काकांचं म्हणणं खरं आहे. त्यांनी बाक वाजवलं. मग त्यांच्या शेजारच्यानं. मग सगळ्या सभागृहानं. ठराव एकमतानं मंजूर झाला. अध्यक्षांनी मंजूर म्हटलं ते आबांनी उजव्या कानानंही ऐकलं.

बायकांनी त्या दिवशी टेम्पो ठरवून आबांना नवागामला आणलं. पुढे डफ, मागे गुलाल. बडगुजर सर टेम्पोच्या टपावर होते. दोन महिन्यांनी पोस्टमन पेन्शनची पहिली मनिऑर्डर घेऊन विठाबाईच्या दारात आला, तेव्हा त्याला गल्लीतल्या घराघरातून इतका चहा पाजला की बाकीचं टपाल दुसऱ्या दिवशी वाटलं गेलं. पुढे कोसाडकडच्या मराठी वस्तीतली माणसंही उतारे मागायला आपापल्या शाळेत जाऊ लागली. पाच माणसांच्या विरोधी पक्षानं एक नियम बदलला होता.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी मी आबांकडे गेलो. माझ्या खोलीच्या नळजोडणीच्या अर्जावर नगरसेवकाची शिफारस हवी होती. अर्ज खिशात होता. बघतो तर ओटा झाडलेला, सतरंजी अंथरलेली, माठ भरलेला, धुतलेल्या पेल्यांची ओळ पालथी घातलेली. आणि माणूस एकही नाही. आबा भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत होते.

"आज कोणी नाही?" मी विचारलं.

"परवापासून नाही."

"लोकांची कामं झाली, आबा. तुम्हीच केलीत."

"हो ना," ते म्हणाले. "झाली."

मग ते रस्त्याकडेच बघत सांगू लागले. बायको गेली त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं, ती शिरपूरला गेली. लूमवरून घरी आलं की भिंतीच. जेवायलासुद्धा उठावंसं वाटेना. "मग एक दिवस शेजारची बाई आली. नळाला पाणी नाही, अर्ज लिहून द्या म्हणाली. बसली, चहा घेतला, तिच्या सुनेचं सांगितलं, तासभर बोलली. ती गेली आणि मास्तर, खोटं कशाला सांगू, मला वाटलं, उद्या आणखी कुणाचा तरी नळ बंद पडू दे."

ते हसले. मला हसता आलं नाही.

"जाऊ द्या. तुमचं काय काम होतं?"

खिशातल्या अर्जावरून मी हात काढून घेतला.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज आलो होतो."

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी चेष्टा करतोय का हे जरा तपासलं. मग घाईघाईनं उठले, आत गेले, स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

अर्जावर मी पुढच्या आठवड्यात सही घेतली. त्या रविवारी आम्ही दुपार कलेपर्यंत बसलो. त्यांची बायको वांग्याचं भरीत कसं करायची, मुलगी लहानपणी कुणाला घाबरायची, गावच्या नदीला पूर आला की काय काय वाहून यायचं. पाणी, गटार, रस्ता, रेशन, एकाही सार्वजनिक प्रश्नाचं नाव निघालं नाही.