पाच किलोमीटरच्या आत

चष्मेवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर तीन कंपन्यांची माहितीपत्रकं पसरली होती आणि बायको हातात गरम पातेलं घेऊन उभी होती.

"अहो, उचला हा पसारा. हात भाजतोय माझा."

"थांब गं. ही कंपनी रस्त्यात पेट्रोल आणून देते, पण बंद पडलेली गाडी नेत नाही. ही नेते, पण दोरीला बांधून ओढत. मोटरसायकल कधी ओढत नेतात का? आडवी होईल ती! ही तिसरी बघ. गाडी ट्रकवर चढवतात. तीही उभी!"

एवढा अभ्यास करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. लग्नाआधी दोघं ज्या मोटरसायकलवरून फिरली, तीच ती मोटरसायकल. चष्मेवाल्यांचा तिच्यावर फार जीव. पण ती बंद पडली की पुढचा हँडल धरणार आणि मागचा ढकलणार, आणि मागे नेहमी बायको. बायको शाळेत मुख्याध्यापिका. गेल्या महिन्यात ऐन शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर तिने गाडी ढकलली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळी पाचवी एकमेकांना ढकलत होती.

"पुन्हा मला ही ढकलावी लागली, तर त्याच दिवशी विकायची," तिने बजावलं होतं.

म्हणून चष्मेवाल्यांनी तिसऱ्या कंपनीची योजना घेतली. कंपनीच्या अटींचा आणि सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला. आणि गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रीला मुद्दाम गाठून सांगितलं, "आता तुमचं काम संपलं. नुसता फोन केला की ट्रक हजर!"

"असं? कुठली कंपनी म्हणालात?" मिस्त्रीने हात पुसत विचारलं.

रविवारी दुपारी शाळेत पालकसभा होती. बायकोला सोडायच्या आधी हवा भरून आणावी, म्हणून चष्मेवाल्यांनी सकाळीच गाडी काढली. एका किकमध्ये सुरू झाली. बायको खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. इतक्या वर्षांनी हिला आपलं एवढं कौतुक, या विचाराने ते विरघळले आणि त्यांनीही हात हलवला. कोपऱ्यावर वळताच गाडी बंद पडली.

ते घाबरले नाहीत. उलट त्यांना आनंदच झाला. त्यांनी कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक मुलगी बोलली.

"सर, तुम्ही घराजवळच आहात. घरापासून पाच किलोमीटरच्या आत सेवा मिळत नाही."

"असं कुठे लिहिलंय?"

"सगळ्यात खाली, सर. बारीक अक्षरांत."

चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांकडून तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचून घेणाऱ्या माणसाने फोन ठेवला. मिस्त्रीकडे जाणं तर आता शक्यच नव्हतं. बायकोला कळलं तर गाडी गेलीच. राहिला एकच उपाय. चष्मेवाले पाच किलोमीटर ढकलत निघाले.

वाटेत घरून फोन आला. त्यांनी उचलला नाही, कारण ही धाप तिने लगेच ओळखली असती. पुन्हा आला, पुन्हा उचलला नाही. मग एक जुनं गिऱ्हाईक भेटलं.

"काय हो, बंद पडली?"

"पडली. पण अजून पाच किलोमीटर व्हायचेत."

गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, पण माणूस भला होता. त्याने मागून जोर लावला. उतार लागला आणि गाडी धावायला लागली, तसे चष्मेवाले ओरडले, "हळू! सुरू झाली तर पंचाईत होईल!"

गिऱ्हाईक हात झटकून निघून गेलं. नवा चष्मा त्याने पुढे दुसरीकडे केला.

हद्द ओलांडल्यावर मात्र ट्रक खरंच आला. गाडी उभी चढली. चष्मेवाले घामाघूम, पण ऐटीत ड्रायव्हरशेजारी बसले.

"कुठल्या गॅरेजला नेणार?"

"या बाजूला आमचं एकच गॅरेज आहे. गेल्याच आठवड्यात नोंदलंय."

ट्रक वळला. ओळखीचा उतार आला, आता चढ होऊन. मग ओळखीचा कोपरा आला. मग स्वतःची गल्ली.

"या, या!" मिस्त्री हसत पुढे आला. "तुम्ही एवढं कौतुक केलंत, म्हणून मीही नाव नोंदवून टाकलं."

शेजारी बायको उभी होती, सभेला निघालेली.

"बाई, उतरवायला जरा मागून हात लावता का?" ड्रायव्हर म्हणाला.

"नाही!" चष्मेवाल्यांनी ट्रकमधून उडीच मारली. "तिला हात लावू देऊ नका! मी आहे!"

गाडी उतरली. मिस्त्रीने खाली वाकून पेट्रोलचा कॉक फिरवला, किक मारली आणि गाडी सुरू झाली.

"कॉक बंद होता. नळीतलं उरलंसुरलं पेट्रोल संपलं, तशी बंद पडली," मिस्त्री म्हणाला.

"मीच केला होता रात्री," बायको म्हणाली. "तुमच्या फ्रिजवरच्या कागदात लिहिलंय ना, रात्री कॉक बंद ठेवा म्हणून. खिडकीतून हातवारे करून सांगत होते, तर तुम्ही मला टाटा केलात! फोन केले, ते उचलले नाहीत."

चष्मेवाले हळूच म्हणाले, "म्हणजे आता विकायची?"

"मी ढकलली का?"

"नाही."

"मग कशाला विकायची?" तिने पर्स त्यांच्या हातात दिली आणि हँडल धरून पुढे बसली. लग्नाआधी ही गाडी तीही चालवायची, हे ते विसरूनच गेले होते. "चला, सभेला उशीर होतोय. शाळा पाच किलोमीटरच्या आतच आहे, म्हणजे ट्रक काही यायचा नाही. तुम्ही आपले मागे बसा."