डिस्क भरली की सबनीस

सबनीसांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना तापाची गोळी देऊ केली होती. मे महिन्यातली बेलापूरची दुपार, आणि हे गृहस्थ स्वेटर-मफलर घालून आमच्या ऑफिसच्या दारात उभे! "दवाखान्यात सोडू का?" मी विचारलं. "आजारी मी नाही, मशीन आहे," म्हणाले आणि सर्व्हरच्या थंडगार खोलीत शिरले. गोळी माझ्याच हातात राहिली.

आमचं ऑफिस न्हावा शेवाहून जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं करायचं. सगळी भिस्त एका युनिक्स सर्व्हरवर आणि सर्व्हरची भिस्त सबनीसांवर. कोणी कुठली फाइल उघडली, कोणी काय बदललं, याची बारीकसारीक नोंद मशीन स्वतःच ठेवायचं. हा ऑडिट लॉग. आठवडाभरात तो एवढा फुगायचा की रविवारी डिस्क गच्च भरून मशीन कोणालाच आत घेईना. जहाजांना कुठला रविवार? मग मी स्कूटर काढून खांदेश्वरहून सबनीसांना आणायचो. बेल वाजायच्या आत दार उघडायचं. गृहस्थ स्वेटरसकट तयार!

आल्या आल्या ठरलेला प्रश्न : "काल काय खाल्लं?" तो मशीनबद्दल असायचा. नवी टायपिस्ट एकदा "पोहे, सर" म्हणाली, तर तेही त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

एका रविवारी मी हुशारी केली. सबनीसांना न बोलावता मुख्य टर्मिनलवर बसून (मशीन तेवढ्यावरून आत घ्यायचं) ती अगडबंब लॉग फाइल मीच उडवली. जागा तसूभरही मोकळी झाली नाही! इकडे वाशीच्या मार्केटमधले कांद्याचे शेट फोनवर पेटलेले, "साहेब, संध्याकाळी बंदराचं गेट बंद होणार. कांदा काय तुमच्या घरी पाठवू?"

शेवटी खांदेश्वर गाठलंच. सबनीसांनी स्क्रीनकडे पाहिलं. "ताट उचललंत हो, पण जेवणारा कुठे उठलाय? बोटं अजून आमटीत आहेत त्याची." नोंदी लिहिणारा प्रोग्राम ती उडवलेली फाइल धरूनच बसला होता. त्यांनी तो थांबवून पुन्हा सुरू केला, आणि डिस्कने ढेकर दिल्यासारखी जागा मोकळी झाली. कांदा वेळेत गेटातून गेला.

नंतर नेहमीसारखे आमच्याकडे जेवायला. स्वेटर ते फक्त आमच्याच घरी काढायचे.

"सबनीस, जुन्या नोंदी आपोआप टेपवर जाऊन जागा मोकळी होईल, असं काही करता नाही येणार?" मी भात कालवत विचारलं.

"येईल की. लिहून तयार आहे. दोन वर्षं झाली."

"मग चालू का नाही करत?"

त्यांनी ताटातली कोशिंबीर उगाच इकडची तिकडे केली. "चालू केलं तर तुम्ही कशाला याल?" म्हणाले आणि हसून ताक मागितलं. खांदेश्वरच्या त्या घरात सबनीसवहिनी गेल्यापासून ते एकटेच होते.

त्यांना सोडून परत आलो. साहेबांना सांगावं तर यांची नोकरी जायची. न सांगावं तर पुढच्या रविवारी कोणाचा तरी माल अडकायचा. बायको ओटा पुसत होती. तिला विचारलं.

"अहो, त्यात काय? उद्याच चालू करायला सांगा त्यांना ते," ती म्हणाली. "आणि रविवारी बाराला घेऊन या. माणसाला जेवायला बोलवायला डिस्क कशाला भरावी लागते?"