होकायंत्रातल्या ठिणग्या

"माझ्या डोळ्यांदेखत एक स्क्रूसुद्धा चुकीचा लागणार नाही!" स्टुडिओत पाऊल टाकताच नानांनी जाहीर केलं.

नाना म्हणजे विमानातले नॅव्हिगेटर, वैमानिकाला दिशा काढून देणारे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं विमान डोंगरावर आदळलं, वैमानिक मित्र गेला, नाना तेवढे वाचले. त्याच अपघातावर हा सिनेमा, आणि सल्लागार खुद्द नाना! शेजारच्या खुर्चीत त्या मित्राची बायको, नानांच्या वहिनी, स्वेटर विणत बसल्या होत्या.

पहिल्याच शॉटला नानांचं टाळकं सरकलं. सिनेमातला नॅव्हिगेटर सेक्स्टंट डोळ्याला लावून चक्क खाली बघत होता.

"अहो, त्यातून तारे बघतात! खाली काय, चप्पल शोधताय?"

मग नट किंचाळला, "कॅप्टन, उजवीकडे!"

"ओरडायचं नाही! इंजिनापुढे ऐकणार कोण? गणित चिठ्ठीवर मांडायचं आणि चिठ्ठी वैमानिकाला द्यायची. तो ती खिशात ठेवतो."

दिग्दर्शकाने मुकाट्याने चिठ्ठी मागवली. नाना आणखीच फुगले.

आता अपघात! होकायंत्र फाटकन फुटलं, ठिणग्या उडाल्या, सुई गरागरा फिरली.

"बंद करा!" नाना ताडकन उठले. "त्यात वीजच नसते, तर ठिणग्या कुठून येणार? द्रवात तरंगणारी साधी तबकडी ती! अशी बिघडत नाही. आणि बिघडलीच, तर विमानात दुसरी असते!"

"पण नाना," दिग्दर्शक गोंधळला, "मग विमान डोंगराकडे गेलं कसं? होकायंत्र बिघडलं, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

चौकशीत, घरी, वहिनींसमोर, चाळीस वर्षं नाना हेच सांगत आले होते.

विणायच्या सुया थांबल्या.

"भावजी, तुमची त्या वेळची चिठ्ठी ह्यांच्या खिशात सापडली होती," वहिनी म्हणाल्या. "मी शाळेत गणित शिकवायचे. दिशेतून सात अंश वजा करायचे होते. तुम्ही मिळवलेत."

नाना मटकन खाली बसले. लाजेने त्यांना मान वर करवेना.

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"पहिलं वर्षभर तुमचं तोंडही बघू नये असं वाटायचं. पण तुम्ही दर रविवारी यायचात. पोरांचा अभ्यास घ्यायचात, नळ दुरुस्त करायचात. बोलले असते तर यायचे थांबला असतात."

नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दिग्दर्शकाने घसा खाकरला.

"मग... ठिणग्यांचं काय करू?"

"राहू द्या," वहिनी लोकर गुंडाळत म्हणाल्या. "आणि भावजी, रविवारी या. नळ अजून गळतोच आहे. चाळीस वर्षांत तुम्हाला तोही धड जमला नाही!"